फिल्टर धुतला, आठ दिवसांत व्हॅक्यूम क्लीनर पुन्हा खेचेना : काळ्या मातीच्या गावातला उपाय

मशीन सुरू केली की आवाज दणदणीत येतो. नळीच्या तोंडावर हात ठेवला की तळवा चिकटतो. पण गालिच्यावर फिरवली की माती जागची हलत नाही. फिल्टर धुतला की चार-आठ दिवस बरी चालते, मग पुन्हा तेच. तालुक्याच्या दुकानात नेली तर तिथे हात लावून सांगतात, "सक्शन तर चांगलं आहे." घरी आणली की रडगाणं सुरू.

हा त्रास मी सलग दोन वर्षं काढला. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात. चहूकडे कपाशी आणि तूर, जमीन काळीभोर, रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला की घरातल्या भांड्यांवर थर बसतो. माझ्याकडे तीन व्हॅक्यूम क्लीनर आहेत. एक १४०० वॅटची डब्याची, एक जुनी कापडी पिशवीची आणि एक फिरत्या ब्रशची. मला या यंत्रांची मनापासून आवड आहे. पारदर्शक नळीतून खडे खडखडत वर जाताना ऐकलं की मला जे समाधान मिळतं, ते दुसऱ्या कुठल्या कामात मिळत नाही. म्हणूनच तीच मशीन नुसतीच ओरडत राहिली की जीव कासावीस व्हायचा. आई तर एक दिवस म्हणालीच, "काहून रे बापू, आवाज तं लय करते तुही मशीन, पन माती जशीच्या तशी हाये!"

आईनं सांगितलं तेच या दुखण्याचं खरं लक्षण. आवाज वाढतो आणि काम घटतं. हवेची वाट बंद झाली की मोटारीला ढकलायला हवाच कमी मिळते, तिच्यावरचा भार उतरतो आणि ती आणखी जोरात फिरू लागते. त्यामुळे आवाज बारीक आणि चढा होतो. आपल्याला वाटतं, मशीन जोरात आहे. प्रत्यक्षात ती गुदमरलेली असते. बहुतेक घरगुती मशीनमध्ये तीच हवा मोटारीला थंडही ठेवते. म्हणून गुदमरलेली मशीन तापते आणि वीस-पंचवीस मिनिटांत आपोआप बंद पडते. ते बिघाडाचं चिन्ह नाही, आतला उष्णतेचा स्विच मोटार वाचवतो आहे. तासभर थंड होऊ द्या, पण कारण शोधल्याशिवाय पुन्हा सुरू करू नका.

तळवा का फसवतो

हे मला शेजारच्या मामाजींच्या वावरात समजलं. त्यांच्या ठिबकचं पाणी शेवटच्या तासापर्यंत, म्हणजे पिकाच्या शेवटच्या ओळीपर्यंत, पोचत नव्हतं. मामाजी म्हणाले, "प्रेशर तं फुल्ल दाखोते, अन् तासाला पानी नाही." आम्ही फिल्टरची जाळी काढली, तर ती गाळानं लिंपलेली. फिल्टरच्या अलीकडचा काटा भरलेला दाब दाखवणारच, कारण पंप चांगला होता. अडला होता तो पुढे जाणारा प्रवाह.

व्हॅक्यूम क्लीनरचंही अगदी हेच आहे. नळीच्या तोंडावर तळवा ठेवला की हवा वाहणं थांबतं. हवा वाहतच नसेल तर फिल्टर कितीही बुजलेला असो, तो अडवणार कशाला? मोटारीची पूर्ण ओढ तळव्याला जाणवते. म्हणजे हाताची परीक्षा मोटारीची होते, फिल्टरची होत नाही. आणि गालिच्यातली माती उचलायला नुसती ओढ पुरत नाही, वाहता वारा लागतो. दुकानदार खोटं बोलत नव्हते. ते चुकीची गोष्ट मोजत होते आणि मीही तेच करत होतो.

म्हणून मी आता दोन वेगळ्या परीक्षा घेतो. दोन्हीला पैसे लागत नाहीत.

पहिली ओढीची. गवंड्याकडे पाणसळीची पारदर्शक नळी असते, ती पाच मीटर घ्या. मशीन स्लॅबवर ठेवा, नळीचं वरचं टोक मशीनच्या तोंडात बसवून भोवती चिंधी किंवा जुन्या ट्यूबचं रबर घट्ट लावा आणि खालचं टोक अंगणातल्या पाण्याच्या बादलीत सोडा. मशीन सुरू करताना हवेची एखादी वाट उघडी ठेवा आणि ती हळूहळू बंद करा, नाहीतर पाणी उसळी मारून वर चढेल. पाणी नळीत किती उंच चढलं ते बघा आणि लगेच बंद करा. पाच-सहा सेकंद पुष्कळ झाले, तोंड बंद ठेवून मशीन जास्त चालवू नये. बऱ्यापैकी घरगुती मशीन दीड ते दोन मीटर पाणी उचलते. माझी १.८ मीटर उचलते. सुमारे दहा सेंटिमीटर पाणी म्हणजे एक किलोपास्कल, त्यामुळे डब्यावर छापलेल्या आकड्याशी ताडून बघता येतं.

दुसरी परीक्षा वाऱ्याची, आणि ही जास्त महत्त्वाची. नव्या गादीला प्लॅस्टिकचं मोठं कव्हर येतं, ते जपून ठेवा. ते हलवून हवेनं फुगवा, तोंड मुठीत गोळा करून मशीनच्या नळीवर धरा, सुरू करा आणि मोजा. माझ्याकडे फिल्टर चांगला असला की नवाच्या आत कव्हर चपटं होतं. त्या वाईट दिवसांत पंचवीस मोजूनही ते अर्धं फुगलेलंच होतं, आणि त्याच दिवशी पाणी मात्र १.८ मीटर चढलं होतं. कव्हराचा आकार प्रत्येकाचा वेगळा, तेव्हा माझा नऊचा आकडा धरू नका. मशीन चांगली चालत असेल त्या दिवशी तुमचा आकडा काढा आणि डब्यावर खडूनं लिहून ठेवा.

पाणी पूर्ण चढतं पण कव्हर हळू रिकामं होतं, तर मोटार ठणठणीत आहे आणि वाट बुजली आहे. आधी नळी काढून थेट मशीनच्या तोंडाला कव्हर लावा. तिथे झटकन रिकामं झालं तर बोळा नळीत किंवा पुढच्या तोंडात आहे. नळीतून काचेची गोटी सोडून बघा, दुसरीकडून पडली नाही तर कापसाचा बोळा सापडलाच. मशीनच्या तोंडालाही कव्हर हळूच चपटं होत असेल तर फिल्टर. आमच्या भागात दहापैकी नऊ वेळा फिल्टरच असतो, हे मी स्वतःच्या आणि गावातल्या दुसऱ्यांच्या मशीन उघडून सांगतो.

पाणीच कमी चढलं तर गोष्ट वेगळी, तिच्याकडे नंतर येतो.

धुणं हेच पुन्हा पुन्हा बिघडण्याचं कारण

पुस्तिकेत लिहिलेलं असतं, "फिल्टर पाण्यानं धुवा." मी धुवत होतो, तेही चोळून चोळून. दर खेपेला मशीन आधीपेक्षा लवकर गुदमरायची. पहिल्यांदा महिना चालली, मग पंधरा दिवस, मग आठ.

आपली काळी माती म्हणजे रेगूर. तिच्यात चिकणमातीचं प्रमाण भरपूर, त्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज, ते पाणी पिऊन फुगतं. उन्हाळ्यात वावराला हातभर खोल भेगा पडतात आणि पावसात त्याच भेगा मिटून चिखल पायाला पायताणासारखा चिकटतो, तो याच गुणामुळे. चिकणमातीचा कण दोन मायक्रॉनपेक्षाही लहान असतो. असे कोरडे कण फिल्टरच्या वरच्या थरावर बसलेले असतात, टिचकी मारली तरी बरेचसे गळतात. पण पाणी लागलं की ते फुगतात, त्यांचा लगदा होतो, आणि आपण चोळतो तेव्हा तो लगदा धाग्यांच्या आत खोल घुसतो. वाळल्यावर तिथे घर सारवल्यासारखा थर तयार. बाहेरून फिल्टर पांढरा दिसतो. उन्हासमोर धरला तर उजेड आरपार येत नाही. माझा पहिला फिल्टर मी असाच स्वतःच्या हातानं सारवून टाकला होता.

त्यात कापसाचे दिवस आले की भर पडते. सीतादही, म्हणजे कापूस वेचणीच्या सुरुवातीची पूजा झाली, पहिला वेचा घरात आला की भाव मिळेपर्यंत एक खोली कापसानं भरलेली असते. त्याचे तंतू घरभर उडतात, गालिच्यात शिरतात आणि फिल्टरवर जाऊन बसतात. तंतू आणि माती मिळून घोंगडीसारखा जाड थर होतो. तो सुका असेल तर मात्र नखानं उचलला की अख्खा सोलून निघतो, हा एक फायदा.

आता मी असं करतो. फिल्टर ओला करायच्या आधी पूर्ण कोरडा साफ करायचा. घराबाहेर, नाकाला रुमाल बांधून, वाऱ्याकडे पाठ करून. वरची घोंगडी सोलायची, मग फिल्टर मळक्या बाजूनं खाली धरून हातावर हळूहळू आपटायचा, मग मऊ रंगाच्या ब्रशनं घड्यांच्या दिशेनं झाडायचा. पंक्चरच्या दुकानातली हवा वापरायची असेल तर नळी हातभर लांब धरून, स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे मारायची. जवळून मारली की कागद फाटतो, आणि फाटलेल्या फिल्टरमधून गेलेली माती थेट मोटारीच्या बेअरिंगमध्ये जाते.

एवढं करून मी पुन्हा कव्हर मोजतो. आकडा दहा-अकरापर्यंत आला तर पाणी लावतच नाही. वर्षातून दोनदाच धुतो, आणि तेही "धुता येतो" असं लिहिलेलाच फिल्टर. बारीक धूळ धरणारे हेपा फिल्टर, जे ०.३ मायक्रॉनच्या कणांपैकी ९९.९७ टक्के अडवतात, ते बहुतेक कागदासारख्या बारीक तंतूंचे असतात. त्यांना पाणी लागलं की कामातून गेले. धुताना नळाची धार स्वच्छ बाजूनं सोडायची, मळक्या बाजूनं गढूळ पाणी निघून स्वच्छ येईपर्यंत. चोळायचं नाही, पिळायचं नाही, साबण नाही. मग सावलीत दोन दिवस. मृगापासून पोळ्यापर्यंत तर पंख्याखाली तीन दिवस. वरून कोरडा वाटणारा फिल्टर घड्यांत ओला असतो, आणि ओल्या फिल्टरवर आलेली पहिलीच काळी माती तिथल्या तिथे लिंपली जाते. मशीनला येणारा कुबट वासही त्यातूनच. म्हणून दोन फिल्टर घ्या. एक वाळत असताना दुसरा चालेल, आणि घाई होणार नाही. या अख्ख्या लेखातला एकच खर्च करायचा झाला तर हा करा.

आणखी एक. गालिच्यावर खाण्याचा सोडा भुरभुरवून व्हॅक्यूम करा, वास जातो, असं सगळीकडे सांगतात. सोडा पिठासारखा बारीक असतो, फिल्टर बुजवायला एवढा पुरे. चुलीची राख, रांगोळी, भिंतीची पुट्टी, तेच. राखेत तर निखारा दडलेला असू शकतो.

मातीला मशीनच्या आधीच अडवणारी बादली

फिल्टर साफ करणं जमलं, पण माती फिल्टरपर्यंत जाऊच नये याची सोय केली तेव्हा खरा आराम पडला. रंगाची वीस लिटरची रिकामी बादली घेतली. झाकणाच्या मधोमध एक भोक, त्यातून पाइप मशीनकडे जातो. कडेला दुसरं भोक, त्यातून गालिच्याकडची नळी येते आणि आत पीव्हीसीच्या एल्बोनं तिचं तोंड बादलीच्या भिंतीला घासून वळवलेलं. हवा आत आली की गरगर फिरते, खडे, तंतू आणि जाड माती भिंतीला लागून खाली बसतात, हलकी हवा मधून वर निघते. खळ्यावर उपणताना जड दाणा जवळ पडतो आणि भूस पुढे जातं, त्याच जातीचं काम, फक्त इथे वारा गोल फिरतो. सांधे सिलिकॉननं बुजवा. अगदी बारीक चिकणमाती यातूनही निसटते, हे खरं. पण तंतू जवळजवळ सगळे बादलीतच राहतात, घोंगडी तयार होत नाही, आणि माझा फिल्टर साफ करण्याचा काळ आठ दिवसांवरून अडीच महिन्यांवर गेला.

बादली मात्र जाड घ्या. १.८ मीटर पाण्याइतकी ओढ लागली आणि नळी बुजली तर फूटभर रुंदीच्या झाकणावर सव्वाशे किलोच्या आसपास भार येतो. माझी पहिली पातळ बादली डोळ्यांदेखत चिपडी झाली.

पाणीच कमी चढत असेल तर

आधी व्होल्टेज बघा. आमच्याकडे संध्याकाळी लाइनच्या शेवटाला १८० पर्यंत उतरतं. या मोटारींची ओढ साधारण व्होल्टेजच्या वर्गाबरोबर घटते, म्हणजे २३० ऐवजी १८० मिळालं तर ओढ साठ टक्क्यांवर येते. माझ्या मशीननं त्या वेळी जेमतेम ११० सेंटिमीटर पाणी उचललं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच मशीननं पुन्हा १८०. तालुक्याला चालते आणि घरी चालत नाही, याचं अर्धं उत्तर इथे आहे. टीव्हीचा स्टॅबिलायझर लावू नका, १४०० वॅटला तो पुरत नाही, जळेल. सकाळी साफ करा, एवढाच उपाय मी करतो. आणि ही मशीन सहा अँपिअर खाते, तेव्हा फ्रिजसाठी असतो तो मोठा सॉकेट वापरा, आणि जोडवायर गुंडाळलेली न ठेवता पूर्ण उलगडा.

व्होल्टेज बरोबर असेल तर हवेची गळती शोधा. डब्याच्या झाकणाचं रबर काढून पुसा, त्या खाचेत मातीची रेघ बसलेली असते. नळी मुठीजवळच्या वळणावर चिरते, तिथे सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली की वर्षभर जातं. एवढं करूनही पाणी चढेना, मोटारीत ठिणग्या दिसतात, जळका वास येतो, तर मोटारीला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे झिजले. मिक्सर दुरुस्त करणारा बदलून देतो.

गालिचा आणि सतरंजी

मशीन ठीक झाली तरी गालिचा पुन्हा मळका का दिसतो, हा त्याच त्रासाचा दुसरा तुकडा. १९०१ साली इंग्लंडमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनी ओढणाऱ्या मशीनची कल्पना तपासताना हॉटेलातल्या खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवला, त्यावर तोंड लावून हवा ओढली, आणि रुमालाच्या खालच्या बाजूला धूळ चिकटलेली पाहिली. वरून स्वच्छ दिसणाऱ्या गादीत किती धूळ होती, ते त्या रुमालानं दाखवलं. गालिच्यातही असंच. लव असलेल्या गालिच्यात बारीक धूळ वर राहते आणि खरा कचरा, म्हणजे धारदार खडीचे कण, लवेच्या मुळाशी बसतो. पाय पडला की तोच कण लोकर कापतो.

आमच्याकडे भदोहीचा सहा बाय नऊ फुटांचा लोकरी गालिचा आहे. तो मी आधी फरशीवर पालथा घालतो. पाठीवरून मशीन हळूहळू फिरवतो आणि मधूनमधून तळहातानं थापटतो. मग दोघांनी उचलून बाजूला करायचा. फरशीवर वाळू पडलेली दिसते. ती झाडून पुन्हा पालथा, पुन्हा थापटणं, वाळू नावाला राहीपर्यंत. पहिल्यांदा मी ती काट्यावर तोलली, पाऊण किलो भरली, आणि आदल्याच दिवशी वरून अर्धा तास व्हॅक्यूम केलेला होता! त्यानंतर सुलटा करून लवेच्या दिशेनं. हात घाईचा नको. वीतभर अंतराला एक सेकंद तरी द्या आणि ओढताना ढकलण्यापेक्षाही हळू, कारण हवेला मुळापर्यंत जायला वेळ लागतो. झालरीवर फिरता ब्रश नेऊ नका. कपाटाखाली दबलेली कड दर महिन्याला उघडा, लोकरीला कसर तिथेच लागते.

गालिच्याखाली दर वेळी पांढरट-पिवळी भुकटी सापडत असेल आणि कितीही साफ केलं तरी येतच असेल, तर ती धूळ नाही. टफ्टेड, म्हणजे लव कापडात टोचून बसवलेल्या, गालिच्याला मागून रबरी चिक लावलेला असतो, तो आपल्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात वाळून झडतो. त्याला व्हॅक्यूमचा इलाज नाही, आणि थापटलं तर जास्तच झडेल.

सतरंजीचं तंत्र वेगळं. सामुदायिक प्रार्थनेच्या सतरंज्या साफ करायचं काम गावानं माझ्याकडे दिलं आहे, ते मी आनंदानं करतो. फरशीवर अंथरलेली सतरंजी मशीनच्या तोंडाला चिकटून वर उचलली जाते, हवा वाहतच नाही, पुन्हा तीच तळव्याची गोष्ट. त्यावर उपाय सापडला तो बाजेवर. सुंभानं विणलेल्या बाजेवर सतरंजी पसरा, कडा विटांनी दाबा आणि वरून फिरत्या ब्रशाशिवायचं साधं तोंड फिरवा. आता खालून वारा येतो, विणीतून आरपार जातो आणि मधली माती घेऊनच वर येतो. नळीवरची हवेची खिडकी थोडी उघडी ठेवली की तोंड अडकत नाही. एक हात जागेवर थांबवून कान द्यायचा. नळीतली खडखड थांबली की पुढे सरकायचं, एक बाजू पूर्ण झाली की सतरंजी पालटायची.